टेलोमरेज काढलं तरी यीस्ट थकत नाही? आधी वही उघडा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात येते. “ताई, ईएसटी-२ काढलाय, पीसीआरही बरोबर आलाय, पण दहा दिवस झाले तरी कल्चर जोमात वाढतंय.” टेलोमरेज म्हणजे गुणसूत्रांची टोकं (टेलोमिअर) राखणारं एन्झाइम, आणि ईएसटी-२ हा त्याचा जनुक. तो काढला की पेशींनी काही पिढ्यांनी थकायला हवं; या थकव्याला सेनेसन्स म्हणतात. तो आला नाही तर कुठेतरी बिघाड आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या आणि शेजारच्या लॅबमधल्या मुलामुलींबरोबर बसून मी हा बिघाड इतक्या वेळा सोडवलाय की आता तपासण्यांचा क्रम हाताला बसलाय. तो इथे लिहून ठेवते.

लक्षणं

आधी सगळं नीट चाललं तर काय दिसतं ते सांगते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पावाच्या यीस्टच्या हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत १६ गुणसूत्रं असतात, म्हणजे ३२ टोकं. प्रत्येक टोकावर साधारण ३०० बेसजोड्यांचा टी आणि जी या डीएनएच्या अक्षरांच्या पुनरावृत्तीचा पट्टा असतो. टेलोमरेज हा पट्टा सतत भरत राहतं. त्याचा एखादा आवश्यक भाग काढला (ईएसटी-१, ईएसटी-२, ईएसटी-३ किंवा टीएलसी-१ हा त्याचा आरएनए) की दर पिढीला तीन ते पाच बेसजोड्या झिजत जातात. स्पोरपासून (डायप्लॉइड, म्हणजे दोन संचांच्या पेशीतून निघालेल्या हॅप्लॉइड बीजाणूपासून) मोजलं तर ५० ते १०० पिढ्यांत वाढ मंदावते, तळ गाठते, आणि मग मूठभर पेशी रीकॉम्बिनेशनने (एका टोकाचा डीएनए दुसऱ्यावरून उतरवून) टोकं पुन्हा लांबवून उठून उभ्या राहतात. त्यांना सर्व्हायव्हर म्हणतात. रोजच्या पेशीमोजणीच्या आलेखावर एक खळगा दिसतो: आधी उतरण, मग चढ.

बिघाड असतो तेव्हा यातलं एखादं चित्र दिसतं:

- खळगा येतच नाही, रोजची मोजणी वाइल्ड टाइपइतकीच (जनुक न काढलेल्या यीस्टइतकीच) राहते.
- खळगा दुसऱ्याच दिवशी येतो आणि तिसऱ्या दिवशी भरूनही निघतो.
- टेट्रॅड (एका डायप्लॉइड पेशीतून निघालेले चार स्पोर) फोडलेल्या प्लेटवर निम्म्या कॉलनी पहिल्या दिवसापासूनच बारक्या.
- एका जनुकप्रकाराचे चार क्लोन (एकेका स्पोरपासून वाढवलेली कल्चर) चार वाटांनी जातात.
- वाइल्ड टाइपसकट सगळेच एका दिवशी खाली येतात.

शेवटचं लक्षण सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी निकालात काढू. त्याचा टेलोमिअरशी काही संबंध नाही. रात्री वीज गेली आणि शेकर बंद पडला, किंवा वायपीडी या वाढमाध्यमाची ती बॅच ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहून करपली. शेकरच्या बाजूला एक कागद चिकटवा आणि वीज गेल्याची वेळ त्यावर लिहायची सवय लावा. पावसाळ्यात याने आमचे दोन प्रयोग वाचले.

चौथ्या लक्षणातही दरवेळी बिघाड असतोच असं नाही. सगळ्यात आखूड टोक कोणत्या क्लोनला आधी टोचतं हा बराचसा नशिबाचा भाग आहे. एकेका पेशीच्या वंशाचा मायक्रोफ्लुइडिक्समध्ये (बारीक नळ्यांच्या चिपवर) पाठलाग केला तरी वंशागणिक मोठा फरक दिसतो. म्हणून दोन क्लोनवर निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या टेट्रॅडमधले निदान चार तरी घ्या.

पहिली तपासणी: वहीतल्या पिढ्यांची बेरीज

याला एक पैसा लागत नाही, आणि माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं इथेच मिटलीत.

एका पेशीपासून डोळ्यांना दिसणारी भरदार कॉलनी तयार व्हायला २० ते २५ पिढ्या लागतात. दोनाचा विसावा घात म्हणजे दहा लाखांच्या थोडं वर, पंचविसावा म्हणजे सव्वातीन कोटींच्या वर. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आता एका विद्यार्थिनीच्या वहीतली बेरीज बघा. स्पोरपासून कॉलनी: २५. ती पुन्हा स्ट्रीक केली (प्लेटवर रेघा ओढून नव्याने एकेरी कॉलनी काढली), “शुद्ध असावी म्हणून”: आणखी २५. आख्खी कॉलनी ५ मिलिलिटरमध्ये रात्रभर वाढवून ग्लिसरॉल स्टॉक केला (गोठवून साठवला): ६. दोन महिन्यांनी स्टॉकमधून पुन्हा एकेरी कॉलनी काढली: २५. झाल्या ८१ पिढ्या. त्यानंतर तिने फ्लास्कवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, “दिवस शून्य.”

तिच्या दृष्टीने प्रयोग त्या दिवशी सुरू झाला. पेशींच्या दृष्टीने तो संपत आला होता. खळगा स्टॉकच्या नळीत आणि स्ट्रीक प्लेटवर पडून गेला, आणि फ्लास्कमध्ये जोमाने वाढत होते ते सर्व्हायव्हर. दुसऱ्या दिवशी खळगा आणि तिसऱ्या दिवशी चढ, या दुसऱ्या लक्षणाचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं. फरक इतकाच की बेरीज जरा अलीकडे थांबलेली असते.

म्हणून शून्य मोजायचं ते स्पोरपासून. प्रत्येक स्ट्रीक, प्रत्येक पॅच, प्रत्येक रात्रभरचं कल्चर पिढ्यांच्या आकड्यानिशी वहीत लिहायचं. यीस्ट म्युटंटच्या कलेक्शनमधून हॅप्लॉइड ईएसटी डिलीशन (ईएसटी जनुक काढलेला स्ट्रेन) मागवला असेल तर बेरीज करतही बसू नका. तो तुमच्या हातात पडेपर्यंत शंभरच्या पुढे गेलेला असणार, म्हणजे तो सर्व्हायव्हरच आहे असं धरून चाला.

एक गोंधळ इथेच दूर करते, कारण तो बेरजेत शिरतो. “यीस्टची पेशी २५ वेळा विभागून म्हातारी होते ना?” होते, पण ते वेगळं म्हातारपण आहे. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये दाखवलं ते आई-पेशीचं वय. तिला ठरावीकच मुली होतात, आणि मुली बहुतांशी तरुण म्हणून जन्मतात. वाइल्ड टाइपमध्ये आई म्हातारी झाली तरी तिचे टेलोमिअर आखूड होत नाहीत. टेलोमरेज काढल्यावर मात्र आईबरोबर मुलगी, नात, पणती असं सगळं घराणंच झिजत जातं. दोन्हीकडे जीनोमची घडी विसकटते, पण कारणं वेगळी आणि मोजण्याच्या रीतीही वेगळ्या. आई-पेशीच्या वयाचे आकडे सेनेसन्सच्या तक्त्यात घालू नका.

दुसरी: डायप्लॉइड कसा बनवला?

हाही फक्त वहीतच विचारायचा प्रश्न, पण यानेच मला सगळ्यात जास्त छळलंय.

एका वर्षी आमच्याकडे टेट्रॅड ताजे होते, पिढ्यांची बेरीज चोख होती, पीसीआर निर्दोष होता, तरीही चारपैकी तीन क्लोन थकेनात. दीड महिना आम्ही माध्यम बदललं, शेकर बदलला, हात बदलले. शेवटी जुन्या वहीत सापडलं की हेटरोझायगस (जनुकाची एक प्रत शाबूत, एक काढलेली) डायप्लॉइड क्रॉसमधून, म्हणजे दोन हॅप्लॉइड जुळवून बनवला होता, आणि क्रॉसमधला एक पालक होता जुना हॅप्लॉइड डिलीशन, म्हणजेच सर्व्हायव्हर. त्याची लांबच लांब टोकं डायप्लॉइडमध्ये आली आणि तिथून स्पोरमध्ये वाटली गेली. टेलोमरेज परत मिळालं म्हणून लांब टोकं एका रात्रीत कापली जात नाहीत, ती हळूहळूच नेहमीच्या लांबीवर येतात. दोन हजार बेसजोड्या जादा असतील आणि पिढीला तीन-चार झिजत असतील, तर किती पिढ्या लागतील ते तुम्हीच मोजा. सुरुवातीलाच एवढी पुंजी असलेला क्लोन दहा दिवसांत कसा थकेल?

उपाय एकच. वाइल्ड टाइप डायप्लॉइड घ्यायचा आणि त्यातलीच एक प्रत डिलीशन कॅसेटने (जनुकाच्या जागी बसणाऱ्या डीएनए तुकड्याने) काढायची. तो डायप्लॉइड उणे ८० ला भरपूर नळ्यांत ठेवायचा आणि दर प्रयोगाला नव्या नळीतून स्पोर करायचे. टेलोमरेज नसलेला हॅप्लॉइड साठवून ठेवायची वस्तूच नाही, तो दरवेळी ताजा काढायचा.

तिसऱ्या लक्षणाचा उलगडाही डायप्लॉइडमध्येच असतो. टेलोमरेज गेलेल्या स्पोरना आईवडिलांकडून पूर्ण लांबीची टोकं मिळालेली असतात. त्यामुळे टेट्रॅड प्लेटवर त्यांच्या कॉलनी वाइल्ड टाइपपेक्षा फारशा वेगळ्या दिसायला नकोत. पहिल्याच दिवशी दोन मोठ्या, दोन बारक्या असा विभाग दिसला तर डायप्लॉइडचे टेलोमिअर आधीच आखूड आहेत का ते बघा. टेलोमिअरची लांबी राखणाऱ्या केयू-७० किंवा टेल-१ या जनुकांचं म्युटेशन नकळत आत बसलेलं असू शकतं. किंवा कॅसेटने शेजारच्या जनुकाचाही तुकडा नेला असेल.

तिसरी: मायक्रोस्कोप आणि मोजणीची पेटी

ओडीवर (कल्चर किती प्रकाश अडवतं या मापावर) विसंबून राहू नका. थकलेल्या पेशी फुगतात आणि मोठ्या कळीसकट अडकून बसतात, कारण टोक आखूड झालं की पेशीला तो डीएनए तुटल्यासारखा वाटतो आणि एमईसी-१ या प्रथिनाचा चेकपॉइंट तिला विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबवतो. फुगलेल्या पेशी जास्त प्रकाश अडवतात. ओडी म्हणतो “बरं चाललंय” आणि पेशींची खरी संख्या निम्म्यावर आलेली असते. मी खळगा “नाहीच” म्हणून आणलेले आलेख पाहिलेत, आणि तेच नमुने हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटीदार काचपट्टीवर) मोजल्यावर खळगा स्वच्छ उमटलाय.

दहा मायक्रोलिटर, एक काचपट्टी आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं. डंबेलसारख्या मोठ्या जोड्यांचं प्रमाण दिवसागणिक वाढत असेल तर सेनेसन्स येतोय. सगळ्या पेशी छोट्या, गोल, निरनिराळ्या टप्प्यांवरच्या कळ्या घेऊन दिसत असतील तर एक तर त्या थकलेल्या नाहीत, किंवा थकून सावरल्यात. हे बघताना बॅक्टेरियाही दिसले तर पुढच्या तपासण्या थांबवा आणि फ्लास्क टाकून द्या.

चौथी: चार प्लेटा

रेप्लिका प्लेटिंगला (एका प्लेटवरच्या कॉलनी दुसऱ्या प्लेटांवर छापायला) एक दिवस जातो, खर्च थोडा. तळ गाठलेल्या कल्चरमध्ये वाइल्ड टाइपची एक पेशी जरी शिरली तरी तिच्यासाठी ते मोकळं रान असतं, तीन दिवसांत फ्लास्क तिचाच होतो. म्हणून शेवटच्या दिवशीच्या कल्चरमधून शंभरेक कॉलनी काढा आणि कॅसेट असलेल्याच पेशी वाढतील अशा प्लेटवर (कॅनएमएक्स ही कॅसेट असेल तर जी-४१८ हे औषध घातलेल्या) रेप्लिका घ्या. सगळ्या वाढायला हव्यात. वीस वाढल्या नाहीत तर ते सर्व्हायव्हर नाहीत, पाहुणे आहेत.

दुसरी प्लेट ग्लिसरॉलची. तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. मायटोकाँड्रियाचा डीएनए गमावलेल्या ‘पेटीट’ पेशी ग्लुकोजवर सावकाश वाढतात आणि त्यांच्या कॉलनी बारक्या असतात, म्हणजे दिसायला अगदी सेनेसन्ससारख्या. ग्लिसरॉलवर त्या वाढतच नाहीत. बीवाय-४७४१सारख्या एस-२८८-सी कुळातल्या स्ट्रेनमध्ये पेटीट जास्त निघतात. डब्ल्यू-३०३ वापरत असाल तर एडीई-२ हा जनुक बिघडल्याने येणारा लाल रंग मदतीला येतो, अडेनाइन कमी असलेल्या माध्यमावर लाल कॉलन्यांमधली पांढरी बारकी कॉलनी संशयित समजा. पेटीट स्पोर सुरुवातीलाच बाजूला काढा. मायटोकाँड्रिया बिघडले की केंद्रकातला जीनोमही अस्थिर होतो हे पक्कं माहीत आहे, त्यामुळे अशा क्लोनवर जीनोम स्थैर्याचं कोणतंही मोजमाप घेऊ नये.

उरलेल्या दोन प्लेटा मेटिंग टाइपच्या, म्हणजे यीस्टच्या दोन ‘लिंगां’च्या. ‘स्पोर’ म्हणून उचललेली कॉलनी दोन टेस्टर स्ट्रेनपैकी एकाशीही जुळत नसेल तर तो न फुटलेला डायप्लॉइड असू शकतो, आणि त्यात ईएसटी-२ची चांगली प्रत शाबूत आहे.

पाचवी: रोज किती पेशी पुढे नेता?

दर २४ तासांनी मोजून मिलिलिटरला एक लाख पेशी नव्या वायपीडीत टाकायच्या, ३० अंशांवर ठेवायच्या. वाइल्ड टाइप दिवसात दहा कोटींपर्यंत जातं, म्हणजे हजारपट, म्हणजे जवळपास दहा पिढ्या. हे गणित डोक्यात असलं की आलेख वाचता येतो: स्पोर कॉलनीच्या २५ आणि पाच दिवसांच्या ५० मिळून ७५. म्हणून तळ साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी शोधायचा.

नेहमीची चूक म्हणजे “शंभर मायक्रोलिटर काढून टाकले”. थकलेल्या दिवशी शंभर मायक्रोलिटरमध्ये पेशी कमी असतात, जोमाच्या दिवशी जास्त, त्यामुळे पिढ्यांचा हिशोबच उरत नाही. दुसरी चूक म्हणजे खूप जास्त पेशी पुढे नेणं. सर्व्हायव्हर दुर्मीळ असतात. जितक्या जास्त पेशी न्याल तितका एखादा सर्व्हायव्हर त्यात असण्याची शक्यता वाढते आणि खळगा उथळ होतो.

द्रव माध्यम आणि प्लेट यांतला फरकही इथेच समजून घ्या. सर्व्हायव्हर दोन तऱ्हांचे असतात. पहिल्या प्रकारात टोकाजवळचे वाय-प्राइम तुकडे अनेकपट होतात आणि टी-जी पट्टा आखूडच राहतो. दुसऱ्यात टी-जी पट्टाच हजारो बेसजोड्यांनी लांबतो. जन्माला पहिला प्रकार जास्त येतो, पण तो रडतखडत वाढतो. दुसरा जोमदार, त्यामुळे फ्लास्कमध्ये तो पहिल्याला मागे टाकतो. प्लेटवर प्रत्येक कॉलनीला स्वतःची जागा असल्यामुळे पहिलाही टिकतो. “प्लेटवर थकतं, फ्लास्कमध्ये थकत नाही” या तक्रारीचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

सहावी: पीसीआर, पण तीन

कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे सांधे तपासणं सगळे करतात. तिसरा पीसीआर, म्हणजे काढून टाकलेल्या जनुकाच्या आतल्या भागाचा, तो राहून जातो. कॅसेट जागेवर बसली तरी गुणसूत्राची दुसरी प्रत पेशीत राहिली असेल तर ईएसटी-२ अजून काम करतोय. आतला पट्टा यायलाच नको. आणि त्या जेलमध्ये वाइल्ड टाइपचा नमुना हवाच, नाहीतर पट्टा नाही याचा अर्थ प्रायमर वाईट असाही होऊ शकतो.

सातवी: रॅड-५२ आणि प्लाझमिड

दोन्ही प्रकारच्या सर्व्हायव्हरना रॅड-५२ हे रीकॉम्बिनेशनचं प्रथिन लागतं. टेलोमरेज आणि रॅड-५२ दोन्ही नसलेला स्पोर लवकर थकतो आणि सहसा परत उठत नाही. तुमच्या हातात हा दुहेरी म्युटंट नियमाप्रमाणे मरत असेल तर माध्यम, तापमान, मोजणी ठीक आहे, आणि एकेरी म्युटंटचं “न थकणं” हे रीकॉम्बिनेशनचं काम आहे. तोही जोमात वाढत असेल तर मागे जा. दुसऱ्या आणि सहाव्या तपासणीत काहीतरी निसटलंय.

उलट बाजूने, यूआरए-३ या जनुकाची खूण असलेल्या प्लाझमिडवर (डीएनएच्या सुट्या वर्तुळावर) ईएसटी-२ देऊन थकवा टळतो का ते पाहा. मग ५-एफओएच्या (यूआरए-३ असलेल्या पेशी मारणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर प्लाझमिड घालवला की घड्याळ तिथून सुरू होतं. टेट्रॅड फोडण्याची सुई हाताशी नसेल तेव्हा ही वाट बरी. मात्र प्लाझमिड घालवण्याआधी सुरुवातीची लांबी पाहून ठेवा.

आठवी: सदर्न ब्लॉट

हे शेवटी, कारण आठवडा जातो आणि खर्चही होतो. एक्सएचओ-१ या एन्झाइमने डीएनए कापून, जेलवर लांबीनुसार वेगळा करून वाय-प्राइमचा किंवा टी-जीचा प्रोब (तो तुकडा ओळखून दाखवणारा डीएनए) लावला की वाइल्ड टाइपमध्ये १.२ ते १.३ किलोबेसच्या आसपास एक रुंद, धूसर पट्टा येतो. तो धूसरच असायला हवा, कारण प्रत्येक पेशीत टोकाची लांबी थोडी निराळी असते. रेखीव पट्टा नाही म्हणून घाबरू नका.

पट्टा दिवसागणिक खाली सरकत असेल तर झीज चालू आहे. खालचा पट्टा आखूड आणि वर वाय-प्राइमचे ५.२ आणि ६.७ किलोबेसचे पट्टे भडक झाले असतील तर पहिला प्रकार. पूर्ण लेनभर विखुरलेले निरनिराळ्या लांबीचे पट्टे असतील तर दुसरा. पहिल्या दिवसाच्या नमुन्यातच हे विखुरलेले पट्टे दिसले तर दुसरी तपासणी पुन्हा वाचा, तुमचा डायप्लॉइड सर्व्हायव्हरचं रक्त घेऊन आलाय.

सगळी लेनच पुसट आणि खालपर्यंत ओघळलेली असेल तर टेलोमिअरला दोष देऊ नका. डीएनए तुटलाय किंवा एन्झाइमने पूर्ण कापलेलं नाही. प्रोब लावण्याआधी जेलचा फोटो नीट पाहिला असता तर आठवडा वाचला असता.

कुठे थांबायचं

तीन स्वतंत्र टेट्रॅड-संच, पिढ्यांचा चोख हिशोब, तिन्ही पीसीआर बरोबर, आणि तरीही खळगा नाही, असं झालं तर चौथा संच लावू नका. स्ट्रेनमध्ये थकवा दडपणारं म्युटेशन किंवा जादा गुणसूत्र आहे, आणि ते प्लेटांवर दिसणार नाही. संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग करणाऱ्या सुविधेकडे जा. टोकं वाचायची असतील तर लांब रीड (एका दमात वाचलेला डीएनएचा तुकडा) देणारी पद्धत मागा. छोट्या रीडमध्ये टी-जी पट्टे आणि वाय-प्राइम एकमेकांत मिसळतात आणि कुठलं टोक कुणाचं ते कळत नाही.

किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लावून ब्लॉट करायचा असेल तर प्रशिक्षण आणि परवानगीशिवाय हात लावू नका. संस्थेच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला आधी भेटा. किरणोत्सारी नसलेल्या डिजॉक्सिजेनिनच्या प्रोबने हे काम चांगलं होतं, मी तोच सुचवते. दोनदा ब्लॉट फसला तर तिसऱ्यांदा एकट्याने करू नका. ज्याच्या हातचे ब्लॉट येतात त्याच्या शेजारी उभं राहून एक पूर्ण आवर्तन बघा.

सर्व्हायव्हरची रीत माणसातल्या काही गाठींनाही साधते. साधारण १० ते १५ टक्के कर्करोग टेलोमरेजशिवाय, रीकॉम्बिनेशननेच टोकं राखतात. तुमचा ‘न थकणारा’ क्लोन वरच्या सगळ्या तपासण्यांतून सलामत सुटला आणि त्याची टोकं दोन्ही प्रकारांत बसत नसतील, तर तो टाकून देऊ नका. पाच नळ्या उणे ८० ला ठेवा आणि टेलोमिअरवर काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा. जाताना मूळ डायप्लॉइडची नळी, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा डीएनए आणि पिढ्यांची बेरीज असलेली वहीची पानं बरोबर न्या. पहिला प्रश्न त्या पानांवरच येईल.